पोहण्याचा पोशाख बेतताना

३ फेब्रुवारी, सोमवार

पडले. शिवणाच्या वर्गात, सर्वांसमक्ष, आणि एकटी नव्हे — डमीला सोबत घेऊन!

विषय छातीच्या टक्सचा होता. टक्स म्हणजे काय, तर सपाट कापडाला गोल शरीराची समजूत पटावी म्हणून घातलेली चिमूट. हे वाक्य मी दर सत्रात त्याच उत्साहाने म्हणते आणि म्हणता म्हणता बेतण्याच्या टेबलाभोवती एक फेरी मारते. आजच्या फेरीत उजवा गुडघा म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी काही येत नाही. आधारासाठी हात टाकला तो डमीच्या मानेवर. डमी माझ्या निम्म्या वजनाची. दोघी आडव्या. मागून पहिली किंकाळी आली ती अशी: "मॅडम, डमी!"

माझी चौकशी दुसऱ्या क्रमांकावर झाली.

संध्याकाळी डॉक्टर. गुडघ्यातली गादी झिजली आहे, मांडीचे स्नायू ढिले आहेत, रक्तातली साखर काठावर उभी आहे. "पाण्यात व्यायाम करा. पाण्यात भार उतरतो. तीन महिने करा, मग बघू."

मी विचारलं, "आधी वजन कमी करू का?"

"ते होईल तेवढं होईल. आधी पाण्यात उतरा."

"म्हणजे आधी वजन."

"बाई, मी पाणी म्हणालो."

प्राचार्यांच्या कानावर गोष्ट माझ्याआधी पोचलेली. ते सभ्य गृहस्थ आहेत, वाईट बातमीही चहासोबत देतात. "मेमध्ये नवं सत्र. प्रात्यक्षिकाला तासन्‌तास उभं राहायचं, तुम्हाला मी काय सांगणार! जमलं तर वर्ग तुमचाच. नाही जमलं तर स्टोअर आहे. तिथले रीळकाका निवृत्त होतायत. बसून काम. पंखासुद्धा आहे."

पंखा आहे! दिवसभर कापडाचे तागे मोजायचे आणि दोऱ्याची रिळं वाटायची. ताग्यांनाही मी समजावून सांगेन, त्यात काही अडचण नाही — पण ते शंका विचारणार नाहीत. शंका न विचारणारा श्रोता म्हणजे मला शिक्षाच.

तेव्हा प्रश्न असा: तीन महिन्यांनी वर्ग की पंखा?

६ फेब्रुवारी, गुरुवार

योजना तयार. चार रंगांत. पहिला टप्पा: वजन घटवणे. दुसरा टप्पा: पोहण्याचा पोशाख घालण्याजोगी दिसू लागणे. तिसरा टप्पा: तलाव. कारण उघड आहे — तलावावर लोक असतात, आणि लोकांना डोळे असतात.

ह्यांना दाखवली. हे बस डेपोत वेळापत्रकं आखतात, त्यामुळे योजना तपासण्याचा अधिकार घरात त्यांचाच. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाले, "म्हणजे आंघोळीला जायच्या आधी स्वच्छ व्हायचं?"

मी मुद्देसूद उत्तर दिलं. दुसऱ्या मुद्द्यावर त्यांना झोप लागली.

ताईचा फोन. माझी मोठी बहीण चाळीस वर्षं वजन कमी करते आहे. या विषयात तिच्याइतका अनुभव कोणालाच नाही. "हे बघ, दिवस मावळला की तोंडाला कुलूप. आणि किल्ली माझ्याकडे दे, तुझा भरवसा नाही."

९ फेब्रुवारी, रविवार

काकडी.

१० फेब्रुवारी, सोमवार

काकडी. आज किसून. विविधता हवी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आजचा प्रसंग लिहू नये असा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

दुपारच्या सुट्टीत अस्तराचं कापड आणायला स्टोअरमध्ये गेले. रीळकाका जागेवर नव्हते. त्यांचं कपाट उघडं. कपाटात बिस्किटांचा पुडा. मी एक घेतलं. विज्ञानाच्या दृष्टीने पाहता एका बिस्किटाने काही बिघडत नाही. पुढची बिस्किटं मी कोणत्या दृष्टीने खाल्ली ते सांगता येत नाही, कारण दृष्टी गेलेली होती. डोळ्यांपुढे अंधारी, हातापायांना कापरं, तोंडात पीठ. अशा अवस्थेत मागून आवाज: "घ्या बाई, घ्या. पुढं हे कपाट तुमचंच आहे."

पुडा संपवूनच बाहेर आले. अस्तर विसरले.

वर्गात येऊन पहिल्या बाकावरच्या एका मुलीवर ओरडले. तिचा अपराध — तिने शंका विचारली. मी! शंका विचारली म्हणून ओरडले! आणि गुडघा? तो आहे तसाच, किंबहुना जास्तच. काकडीने मांडी बळकट होत नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? आरोग्यावर व्याख्यान द्या म्हटलं तर मी तासभर देईन. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. शब्दशः कोरडे. पाण्यापर्यंत अजून पोचलेच नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

योजना रद्द. दुसऱ्या टप्प्यापासून सुरुवात करायची — पोशाख.

दुकानात गेले. तयार पोशाखांच्या मापाविषयी मी दरवर्षी एक संपूर्ण तास घेते: मोठं माप म्हणजे लहान मापाचीच सगळीकडून फुगवलेली आकृती, खऱ्या बाया अशा सगळीकडून सारख्या वाढत नाहीत, त्यामुळे खांद्यात बसलं तर पोटात बसत नाही आणि पोटात बसलं तर खांद्यावरून ओघळतं. आज हा सिद्धांत मी स्वतःच्या अंगावर तपासला. सिद्धांत बरोबर निघाला. फक्त निष्कर्षापर्यंत पोचल्यावर परत येता येईना. एक हात डोक्यावर, दुसरा पाठीमागे, पोशाख काखेत अडकलेला.

पडद्यापलीकडून दुकानातली मुलगी: "मॅडम, एक नंबर मोठा देऊ?"

"नंबराचा प्रश्न नाही. मुंढ्याची खोली चुकली आहे."

"काय चुकलं?"

आणि मी सांगू लागले. पडद्याआडून, एक हात वर करून. मुंढा म्हणजे बाही जिथे बसते ती जागा. तो उथळ बेतला की हात उचलताना अख्खा कपडा वर येतो. तो फार खोल बेतला तरी तेच होतं — हे नवख्यांना पटत नाही. मुलगी बिचारी ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मॅडम, तुम्ही अडकलात का?"

"हो."

आत येऊन तिने मला सोडवलं. कात्री लागली नाही, एवढीच आजची मिळकत.

निर्णय: पोशाख मी स्वतः शिवणार. शिवणकला शिकवते ना? मग!

२३ फेब्रुवारी, रविवार

झाला! माझ्या हातून इतकं अभ्यासपूर्ण काम क्वचितच झालं असेल.

रचना अशी. दोन्ही कडांना गडद पट्टे, मध्ये उभी फिकट पट्टी, म्हणजे पाहणाऱ्याची नजर वरून खाली जाते, आडवी फिरत नाही. पोटावर दुहेरी अस्तर, मध्ये कॉलरीत घालतात तसलं कडक बकरम, म्हणजे पोट काय म्हणतं आहे ते बाहेर ऐकू जाऊ नये. कमरेपासून गुडघ्यापर्यंत झालरीचा घेर. दंडांवर फुग्याची बाही. गळा बंद. माप म्हणून माझा तिशीतला पुठ्ठ्याचा नमुना वापरला, त्यात अंदाजाने इथे बोटभर, तिथे चार बोटं वाढवली. टेप लावायची म्हणजे उगीच वेळ जातो.

आरशापुढे रीतसर चाचणी घेतली. बसून पाहिलं, वाकून पाहिलं, हात वर करून पाहिलं, खुर्चीवर पोटावर आडवी होऊन हातपाय मारून पाहिले. कुठे ताण नाही, कुठे चुणी नाही.

ह्यांना दाखवला. कितीतरी वेळ पाहत राहिले. "सुंदर आहे. समारंभ कुणाकडे आहे?"

दुर्लक्ष केलं. कलेची जाण सगळ्यांना नसते.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सर्व चाचण्या घेतल्या. एक राहिली — पाण्यात.

क्रमाने लिहिते, म्हणजे पुढच्या पिढ्यांना उपयोग होईल. सकाळी बायकांची वेळ असते. पाय टेकतील अशा पाण्यात गुडघेदुखीच्या बायकांचा वर्ग चालतो. शिकवणारी बाई काटक, केस पांढरे, गळ्यात शिट्टी. नाव सांगितलं असेल, मला ऐकू आलं नाही. ती शिट्टीतूनच बोलते. मी तिला शिट्टीच म्हणते — मनात.

टॉवेल गुंडाळून काठापर्यंत गेले, टॉवेल टाकला, शिडी धरून उतरले. गुडघ्यापर्यंत ठीक. कमरेपर्यंत आले आणि झालरीखाली हवा अडकली. घेर वर आला. पाण्यावर मी एक भलंमोठं उलटं फूल झाले, मध्ये मी देठासारखी! दोन्ही हातांनी घेर खाली दाबला, तर हवा बाह्यांत गेली. बाह्या फुगल्या. बाह्या दाबल्या, तर पोटावरच्या बकरमाने हवेचा शेवटचा साठा धरला आणि मी पाठीवर आडवी झाले. जे पोट कोणाला दिसू नये म्हणून एवढा खटाटोप, ते तलावातल्या सगळ्यात उंच जागी!

शिट्टी वाजली. "ओ बाई! पोहायला आलात की तंबू ठोकायला?"

खरं संकट बाहेर पडताना. तोवर हवेची जागा पाण्याने घेतलेली. दुहेरी अस्तर, बकरम, झालर — सगळं भरून आलेलं. शिडीची पहिली पायरी चढले, दुसरी चढेना. पोशाखाचं वजन बहुधा माझ्याइतकंच झालं होतं. दोघींनी वरून ओढलं, शिट्टीने खालून ढकललं. कुणीतरी म्हणालं, "आलं, आलं, आलं!" — माणूस वर येताना असं म्हणत नाहीत, कपाट वर चढवताना म्हणतात.

काठावर पाणी गाळत बसले. शिट्टी शेजारी उकिडवी बसली. रागावली नव्हती. झालरीचं टोक दोन बोटांत धरून म्हणाली, "शिवलंय मात्र झकास. कुणी शिवलं?"

"मी. मी शिकवते."

"मग तुम्हाला कळेल. मला तुमचा गुडघा दिसत नाही, मांडी दिसत नाही. दिसत नाही ते सुधारू कसं?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं. फार चांगलं होतं. दात वाजत असल्यामुळे देता आलं नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

पाषाण तरंगला. याहून अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

४ मार्च, मंगळवार

साधा पोशाख शिवायचा. एकेरी, ताणाचं कापड, झालर नाही, बकरम नाही, गुडघा मोकळा. अशा कपड्याला चूक लपवायला जागाच नसते. माप अचूक हवं.

आता, स्वतःचं माप स्वतः घेऊ नये, हा माझ्या वर्गाचा पहिल्या दिवसाचा नियम. टेप धरायला हात उचलला की शरीर बदलतं. आकडा वाचायला वाकलं की पुन्हा बदलतं. आणि आकडा आपला आहे म्हटलं की श्वास जो आत जातो तो बाहेर येतच नाही. म्हणून माप नेहमी दुसऱ्याने घ्यावं, आणि घेणाऱ्याने आकडा असा सांगावा की देणारीला आपला हिशेब चुकता होतोय असं वाटू नये. हे सगळं मी मुलींना सांगते. माझं माप शेवटचं कुणी घेतलं, आठवत नाही.

ह्यांना बोलावलं. टेप दिली. कुठे धरायची ते समजावलं — नेहमीपेक्षा जास्तच समजावलं, कारण मला सुरुवात पुढे ढकलायची होती. टेप उलटी धरली त्यांनी. सेंटिमीटरची बाजू वर करून दिली. मग मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

छाती. कंबर. पोट. सीट. मांडी.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अशी उभी राहिले नव्हते — दिवसाउजेडी, हात बाजूला, टेपेखाली. प्रत्येक आकड्यानंतर मी थांबायचे. काहीतरी येईल म्हणून. कोपरखळी, उसासा, "अरे बापरे", निदान एखादा हुंकार. हे आकडे सांगत होते ते डेपोत बसचे नंबर पुकारतात तसे. "एकशे चौदा." जशी एकशे चौदा नंबरची बस असते. आली, लागली, पुढची.

"पुढे?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मग श्वास सोड. मघापासून धरलायस."

आकडे पुठ्ठ्याच्या जुन्या नमुन्याशी ताडून पाहिले. जुळेनात. तिशीतल्या त्या बाईचा नमुना इतकी वर्षं जपला, तिच्या मापाने स्वतःला बेतत राहिले. पुठ्ठा चांगला जाड आहे. कुंडीखाली ठेवला.

११ मार्च, मंगळवार

उतरले. नवा पोशाख, काळा, साधा. पोट जिथे असतं तिथे दिसत होतं. कोणी मूर्च्छित पडलं नाही. मी आजूबाजूला नीट पाहून खात्री करून घेतली — सगळ्या आपापल्या गुडघ्यांत गुंतलेल्या होत्या. थोडा अपमानच वाटला!

शिट्टीचा आवाज अजून कानात आहे. "मांडी वर! टाच खाली! पोट कशाला आत ओढताय, श्वास कशाने घेणार?" पोट सोडणं मला जमेना. कधी सोडलंच नव्हतं. शाळेच्या फोटोपासून आत ओढून धरलेलं. पाण्याखाली कोणाला दिसत नाही हे पटवून दिलं स्वतःला आणि सोडलं — आणि इतका लांब श्वास आत आला की मी खोकलेच.

मग काय सांगू! गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवर शरीराचा जेमतेम दहावा हिस्सा भार उरतो. जेमतेम दहावा! माझ्या गुडघ्याला आज माझी ओळखच पटली नसेल. आणि चरबी पाण्यापेक्षा हलकी, म्हणजे तरंगण्याच्या बाबतीत आमच्यासारख्या बाया जन्मजात हुशार; हाडकुळ्यांना शिकावं लागतं. कपडे बदलायच्या खोलीत हा मुद्दा मी सर्वांना उदाहरणांसह समजावत होते. शेजारची ओले केस पुसत म्हणाली, "बाई, तुमच्याइतका दम पाण्यात आम्हाला मिळाला तर बरं होईल."

घरी येऊन पोटभर जेवले. भाजी, डाळ, भात — बसून, चावून, चोरी न करता. मग रस्त्यावर एक चक्कर. साखर काठावर आहे, तिला काठावरच बसवून ठेवायचं.

२० मार्च, गुरुवार

ताई आली. दारातच: "अजून तेवढीच दिसतेस की गं!"

तिला तलावाचं सांगितलं, जेवणाचं सांगितलं, जिने चढताना कठडा धरत नाही ते सांगितलं. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे आता जाडी मिरवायची ठरवली आहेस."

मला राग आला. रागावल्यावर मी विषय समजावून सांगते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे; हे उठून आत गेले. मी म्हटलं, ताई, तिरकं बेतलेलं कापड शिवल्यावर लगेच खालची घडी मारत नाहीत. रात्रभर टांगून ठेवतात. ते आपल्या वजनाने जिथे उतरायचं तिथे उतरतं. मग त्याची धार पाहून घडी घालायची. कापडाला शिव्या देऊन ते सरळ होत नाही. पण याचा अर्थ असा नव्हे की ते खुंटीवर विसरून जायचं आणि कसर लागू द्यायची. काळजी घ्यायला आधी ते आहे तसं हातात तर घ्यावं लागेल?

"तुझं आपलं नेहमी कापड," ताई म्हणाली.

ती मला ब्लाउजचं कापड द्यायला आली होती. माप घेऊ का विचारलं. "जुनंच धर. त्यातही एक इंच कमी ठेव. मी होईन तेवढी बारीक." तिच्या कपाटात असे इंच-इंच कमी ठेवलेले किती कपडे आहेत, मला ठाऊक आहे — सगळे मीच शिवलेत. एका बाईची वाट पाहत टांगलेले. ती बाई काही येत नाही.

मी काहीतरी खरमरीत म्हणणार होते. तिच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "चहा घेतेस?"

"साखर घालून दे," ती हळूच म्हणाली.

१ एप्रिल, मंगळवार

आज मापाचा तास. दरवर्षी मुली डमीची मापं घेतात, मग एकमेकींची. एकमेकींची घेताना खोलीत कुजबुज सुरू होते. आकडे कानात सांगतात, खोडरबर फार चालतो. आज म्हटलं, डमीला सुट्टी. माझं माप घ्या.

मग पहिल्या बाकावरची तीच — जिच्यावर ओरडले होते ती — टेप घेऊन आली. पोटाचा आकडा तिने असा सांगितला, जशी कोणाच्या घरी वाईट बातमी कळवावी.

"कोणी गेलं का?" मी विचारलं.

वर्ग हसला. तीही.

"मोठ्याने सांग. आकडा आहे तो. त्याच्यावाचून नमुना बनणार नाही."

"एकशे चौदा!" तिने खणखणीत पुकारलं.

"सीट?"

"एकशे अठरा!"

त्यांनी माझ्या मापावर नमुना बेतला आणि टाचून अंगावर घालून पाहिला. टक्सचं टोक कुठे थांबवायचं यावर मुलींची जुंपली. डमीवर अशी भांडणं होत नाहीत — डमी कुठेच लोंबत नाही, तिच्यात शिकण्यासारखं काही उरलेलं नाही. इतका चांगला तास माझ्याकडून कितीतरी वर्षांत झाला नव्हता. पूर्ण वेळ उभी होते. संपल्यावर लक्षात आलं.

खिडकीतून प्राचार्य पाहत होते. मान हलवून गेले. शुभ की अशुभ, कळलं नाही.

१६ एप्रिल, बुधवार

वजनकाट्यावर उभी राहिले. काटा हलला म्हणावं तर हलला, नाही म्हणावं तर नाही. राजकीय उत्तर. शिट्टी म्हणाली, "काट्याला मांडीतलं काही कळत नाही, खाली उतरा."

साखर काठावरून एक पाऊल मागे सरकली आहे. एवढं मात्र चारचौघांत सांगत सुटले.

प्राचार्य जिन्यात भेटले: "छान चाललंय तुमचं. वर्गाची यादी मेच्या सुरुवातीला लावतो." त्यांच्यासमोर दोन पायऱ्या उगीचच झपझप चढले. प्रदर्शन! या वयात!

२६ एप्रिल, शनिवार

तलावावर, कपडे बदलताना, गुडघा अडकला. वाकला तो वाकलाच. सरळ होईना. कुठलीही उडी नाही, घसरणं नाही — मोजा घालत होते.

घरी रिक्षाने. सूज. ह्यांनी पाय उशीवर ठेवला. ताई बर्फ घेऊन आली. मी आरंभ केला की हे का झालं असावं याच्या अनेक शक्यता आहेत. ताई म्हणाली, "गप पड. बर्फ धर."

पहिली शक्यता सांगायची राहिली. ती अशी की जिन्यात मिरवायला नको होतं. दुसरी अशी की आधी वजनच कमी करायला हवं होतं. रांगेने सगळ्या शक्यता माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला उभ्या.

५ मे, सोमवार

डॉक्टर. गुडघ्याचा नवा स्कॅन. गादीचा एक तुकडा सुटला आहे, तो सांध्यात फिरतो आणि मध्येच अडकतो. छोटी शस्त्रक्रिया करावी लागेल. पुढच्या सोमवारी.

"माझ्या वजनामुळे?"

"कितीतरी जणांना होतं हे, बारीक, जाड, सगळ्यांना. तुम्ही केलं ते उत्तमच केलं. मांडी बघा, दगड झालीय. लवकर उठाल."

"मग पाण्याने हे थांबलं असतं का — लवकर गेले असते तर?"

"नाही. सुटलेल्या तुकड्याला पाणी काय करणार?"

"पण मग शस्त्रक्रियेपर्यंत जाऊ की नको?"

"हलकं काही केलंत तर अपाय नाही. गुडघ्यासाठी म्हणाल तर आता उपयोगही नाही. घरी आराम केलात तरी चालेल."

प्राचार्यांकडे गेले. त्यांनी चहा मागवला, तेव्हाच समजले. हे सत्र दुसऱ्या बाईंकडे. बाई हुशार आहेत, माझ्याच विद्यार्थिनी. मी बरी झाले की स्टोअर. पुढच्या सत्राचं पुढच्या सत्रात. पहिल्या बाकावरची ती मुलगी दाराशी उभी होती, तिला म्हटलं टक्सचं टोक एक बोट अलीकडे थांबव, आणि वळून चालू लागले. शंका विचारायला तिने तोंड उघडलं होतं. मी थांबले नाही. थांबले असते तर तिथेच बसकण मारली असती.

सगळं नीट केलं. जेवले नीट, चालले नीट, पोहले नीट, आरशातल्या बाईशी बरी वागले. आणि निकाल — पंखा. योग्य रीतीने बेतलं की बरोबर बसतं, असं शिकवत आले. शिकवणाऱ्या बाईने यावर काय म्हणावं?

जेवण झालं. चक्कर नाही मारली.

६ मे, मंगळवार

सकाळी पिशवी भरली. काळा पोशाख, टॉवेल. लंगडत दारापर्यंत गेले.

हे चहाचा कप हातात घेऊन उभे. "आता कशासाठी? गुडघ्याला उपयोग नाही म्हणाले ना?"

"नाही म्हणाले."

"सत्रही गेलं."

"गेलं."

"मग?"

पिशवी खांद्याला अडकवली. मला — मला! — काही समजावून सांगता आलं नाही. गेले.